सूर्योदयाआधी की सूर्योदयानंतर

अग्निहोत्राची आहुती कधी द्यावी, सूर्य उगवल्यावर की उगवण्याआधी, यावरून न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक छोटा पण फार मोलाचा वाद आला आहे. पूर्वपक्ष म्हणतो, वेद प्रमाण मानता येत नाही, कारण तो स्वतःचेच म्हणणे खोडतो. एके ठिकाणी सूर्य उगवल्यावर होम करा असे सांगतो, दुसरीकडे उगवण्याआधी, तिसरीकडे संधिकाळी. आणि पुन्हा तिन्ही वेळांची निंदाही करतो. वात्स्यायनाच्या भाष्यात या निंदेत दोन कुत्री येतात, श्याव आणि शबल. उगवल्यावर होम करणाऱ्याची आहुती श्याव खातो, आधी करणाऱ्याची शबल, आणि संधिकाळी करणाऱ्याची दोघे मिळून. मग माणसाने करावे तरी काय? न्यायसूत्रकार गौतमाचे उत्तर एका सूत्रात मावते. निंदा कोणत्याच वेळेची नाही. एक वेळ पत्करून नंतर दुसऱ्या वेळी होम करणाऱ्याची ती निंदा आहे. तिन्ही वेळा सारख्याच ग्राह्य आहेत, दोष पत्करलेले मोडण्यात आहे. वेदप्रामाण्याशी ज्याला काही कर्तव्य नाही त्यानेही या उत्तरापाशी थांबावे असे मला वाटते. नियम खरा नसला, म्हणजे त्याच्या विरुद्धचा नियमही तितकाच चालण्यासारखा असला, तरी तो बांधून ठेवू शकतो, ही गोष्ट त्यात सरळ मान्य केली आहे. आपण सहसा उलटे धरून चालतो. नियम पाळायचा तर तो बरोबर असायला हवा, आणि बरोबर असल्याचे सिद्ध होत नसेल तर तो पाळायला लावणे ही जबरदस्ती, अशी आपली समजूत असते.

ही समजूत रोज कसाला लागते अशी एक जागा म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरचे प्रकल्प. एकमेकांना कधी न भेटलेली शेकडो माणसे तिथे एकच कोड लिहीत असतात. ओळ आत सरकवायची ती टॅबने की स्पेसने, महिरपी कंस त्याच ओळीवर उघडायचा की खालच्या, एक ओळ किती लांब असावी, अशा प्रश्नांवर त्यांना एकमत करावे लागते. सी भाषेच्या कंपायलरला यातल्या कशानेही फरक पडत नाही. दोन्ही रीतींनी लिहिलेला प्रोग्रॅम तेच काम करतो. तरीही या वादांची भाषा धर्मयुद्धाची असते. लिनक्स कर्नेलची लेखनपद्धती सांगणारा लिनस टोरवाल्ड्स यांचा दस्तऐवज या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सुरुवातीलाच ते म्हणतात की पद्धत ही ज्याची त्याची बाब आहे, माझी मते मला कोणावर लादायची नाहीत, पण जे मला सांभाळावे लागणार आहे त्याला ही पद्धत लागू. आणि थोडे पुढे गेल्यावर आठऐवजी चार किंवा दोन अक्षरांइतकी ओळ सरकवणाऱ्यांना ते पाखंडी ठरवतात. यात विनोद आहेच, पण ज्याची त्याची बाब आणि पाखंड हे दोन्ही शब्द एकाच माणसाला एकाच पानावर सुचावेत, यात या प्रश्नाचे खरे अवघडपण दिसते. त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, डॅनी कोहेन यांनी संगणकातले बाइट कोणत्या टोकाकडून मोजावेत या भांडणावर एक टिपण लिहिले, तेव्हा त्यांनीही शीर्षकात पवित्र युद्धांचाच उल्लेख केला होता आणि स्विफ्टच्या गलिव्हरमधली अंडे कोणत्या टोकाने फोडावे ही लढाई पुढे केली होती. कोणता क्रम ठरतो यापेक्षा एक क्रम ठरणे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. गौतमाच्या ते फार जवळ जाते. पण दोघांनीही एक प्रश्न पुरता सोडवलेला नाही. नियमाचा मजकूर जर नाणे उडवून ठरवण्याइतका किरकोळ असेल, तर तो मोडणे हा दोष कसा? कुणाचा अपराध होतो त्यात?

आधी हे मान्य करायला हवे की मजकूर बराचसा किरकोळच आहे. १९८३ साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दोन ते चार अक्षरांचे इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवणे, वाचायला सोपे जाते असे आढळले होते. २०१९ मध्ये वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून तोच प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा लक्षात घ्यावा असा फरक मिळाला नाही. ओळ ऐंशी अक्षरांची असावी हा दंडक तर आयबीएमच्या १९२८ सालच्या ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रापासून चालत आलेला आहे. छिद्रपत्रे गेली, त्यांच्या मापाचे टर्मिनल गेले, दंडक राहिला. २०२० मध्ये लिनक्सच्या तपासणी साधनाने इशारा देण्याची मर्यादा शंभरावर नेली आणि आभाळ कोसळले नाही. पायथनच्या 'पेप ८' या नियमावलीने अधिक-उणेची चिन्हे मोडलेल्या ओळीच्या शेवटी ठेवा असे वर्षानुवर्षे सांगितले, आणि २०१६ मध्ये ती नव्या ओळीच्या आरंभी ठेवणे बरे असा सल्ला दिला. शाश्वत सत्ये अशी बदलत नसतात. पण मांडणीतले सगळेच किरकोळ आहे असा निष्कर्ष काढला तर मोठी चूक होईल. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधली एक चूक उघडकीला आली. 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ 'इफ'च्या खाली आत सरकवलेली होती, त्यामुळे डोळ्यांना ती अटीच्या पोटातली वाटे. पण कंस नव्हते, त्यामुळे यंत्राच्या लेखी ती बाहेर होती आणि प्रत्येक वेळी चालत होती. परिणामी समोरच्या सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच टाळली जात होती. कंस यंत्राशी बोलतात, इंडेंटेशन माणसाशी बोलते, आणि इथे त्या दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. दोन वर्षांनी आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरने फसव्या इंडेंटेशनचा इशारा द्यायला सुरुवात केली. तेव्हा इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. मांडणीने अर्थाशी प्रामाणिक राहावे, हे किरकोळ नाही. प्रामाणिकपणाच्या चार सारख्या रीतींपैकी कोणती उचलायची, हे किरकोळ आहे. आपला प्रश्न फक्त दुसऱ्या गोष्टीपुरता आहे, आणि म्हणूनच तो कठीण आहे.

गौतमाचे उत्तर इथे जसेच्या तसे लागू होत नाही. त्याच्या यजमानाने स्वतः वेळ पत्करलेली असते, संकल्प त्याचा स्वतःचा असतो. प्रकल्पात आज पहिला पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, पाठवणाऱ्या माणसाने काहीच पत्करलेले नसते. नियम त्याच्या आधीपासून आहेत, बहुधा त्याने ते पुरते वाचलेलेही नसतात. दाराशी पाऊल टाकले म्हणजे घरातले सगळे मान्य केले असे म्हणता येईल, पण हा युक्तिवाद लंगडा आहे, कारण याच न्यायाने कोणत्याही घरातली कोणतीही रीत समर्थनीय ठरते. आधुनिक तत्त्वज्ञानात डेव्हिड लुईस यांनी १९६९ साली 'कन्व्हेन्शन' या पुस्तकात दुसरा मार्ग दाखवला. एक होडी वल्हवणारे दोघे जण कसलेही वचन न देता एका लयीत वल्ही मारतात, हे ह्यूमचे उदाहरण त्यांनी पुढे नेले. इतर सारे एका रीतीने वागत असतील तर आपणही तसेच वागण्यात प्रत्येकाचे हित असते, आणि रूढी या अपेक्षेवर उभी राहते. रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवावी याला हे स्पष्टीकरण चोख बसते. चुकीच्या बाजूने जाणाऱ्याचा स्वतःचाच जीव जातो, त्यामुळे त्याला नीती शिकवावी लागत नाही. कोडच्या बाबतीत मात्र हिशेब निराळा आहे. माझ्या सवयीने लिहिले तर मला काहीच तोशीस पडत नाही. उलट हात भराभर चालतो. तोशीस पडते ती तीन वर्षांनी तीच फाइल उघडणाऱ्याला. एकाच पानावर तीन रीती असतील तर यातला कोणता फरक मुद्दाम केला आहे आणि कोणता सवयीचा, हे त्याला दर ओळीला ठरवावे लागते. मी कोड लिहितो त्या एडिटरने जाता जाता दोनशे ओळींतले टॅब बदलून टाकले असतील, तर त्या दोनशे ओळींत खरा बदल असलेली एक ओळ बुडून जाते, आणि ओळ कोणी व का लिहिली हे विचारल्यावर कोडमधल्या बदलांचा नोंदलेला इतिहास त्या ओळीच्या जन्माऐवजी माझी साफसफाई दाखवतो. या त्रासाचा धनी मी नाही. म्हणून ही निव्वळ सोयीची देवाणघेवाण राहत नाही. इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो.

मीमांसकांचा एक शब्द इथे मला फार जवळचा वाटतो. यज्ञासाठी भात कांडावा असे विधी सांगतो. कोंडा काढायचा तर तो नखांनी सोलूनही निघतो, मग कांडण्याचाच आग्रह कशाला? याला मीमांसेत नियमविधी म्हणतात. अनेक मार्गांनी साधणाऱ्या गोष्टीला तो एकाच मार्गाला बांधतो. तांदूळ दोन्ही रीतींनी मिळतो हे मीमांसकाला ठाऊक आहे. म्हणून बांधण्याचे फळ तांदळात शोधता येत नाही, ते अदृष्ट मानावे लागते. यज्ञाचे अदृष्ट मानावे की न मानावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण लेखनाच्या नियमाला खरोखरच एक अदृष्ट असते, आणि त्यासाठी श्रद्धेची गरज नाही. ते म्हणजे पुढचा वाचक. तो लिहिणाऱ्याला दिसत नाही, त्याचे नाव ठाऊक नसते, कित्येकदा लिहिताना तो या कामात आलेलाही नसतो. ओपन सोर्समध्ये तर तो कोण असेल याचा अंदाजही बांधता येत नाही, कारण दार सगळ्यांना उघडे असते. टोरवाल्ड्स यांनी 'जे मला सांभाळावे लागणार आहे' असे म्हटले, तेव्हा त्यांनी सांभाळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवले होते. त्या 'मला'च्या जागी कोणीही येऊ शकते, हे लक्षात घेतले की नियमाचे बंधन कुठून येते ते उमगते. नियमाच्या गुणातून ते येत नाही आणि माझ्या संमतीतूनही पुरते येत नाही. मी लिहिलेल्याचा भार दुसरा कोणी उचलणार आहे, यातून ते येते.

यावर आजचा प्रोग्रॅमर सहज म्हणेल की हा सगळा खल कालबाह्य झाला. गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली ती 'गोफम्ट' या साधनासह. कोड त्यातून काढला की एकाच साच्यात बसतो, आणि मांडणीसाठी त्यात पर्यायच ठेवलेले नाहीत. पायथनसाठी २०१८ मध्ये 'ब्लॅक' आले, ते तडजोड नाकारणारे म्हणूनच स्वतःची ओळख करून देते. मग नीती कसली, बटण दाबले की झाले. या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. मीमांसकांनी विकल्पाला, म्हणजे 'हे किंवा ते' अशा मोकळिकीला, आठ दोष लावले आहेत. एक मार्ग धरला की दुसऱ्या वचनाचे प्रामाण्य तेवढ्यापुरते नाकारावे लागते, पुढच्या वेळी नाकारलेले पुन्हा स्वीकारावे लागते, आणि हीच ओढाताण दुसऱ्या बाजूनेही होते. विकल्प टाळता येत असेल तर टाळावा, ही त्यांची वृत्ती. गोफम्ट करणाऱ्यांनी नेमके हेच ओळखले. गो भाषेच्या निर्मात्यांपैकी रॉब पाइक यांनी कबूल केले आहे की गोफम्टची मांडणी कोणाच्याच आवडीची नाही, पण गोफम्ट मात्र सगळ्यांना आवडते. यातले सर्वांत मोठे हित मला वेगळेच दिसते. नवखा माणूस महिनाभर खपून पहिला पॅच पाठवतो आणि उत्तरात त्याला स्पेस कुठे चुकल्या तेवढ्याची यादी मिळते, तेव्हा त्याच्या विचाराला कोणी हातच लावलेला नसतो. हे काम यंत्राकडे गेले की माणसाने माणसाला क्षुल्लक गोष्टीवरून खाली पाहायला लावण्याचा एक प्रसंग टळतो. एवढ्यासाठीसुद्धा फॉरमॅटर असावा. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग खरा नाही. ब्लॅक व्हेरिएबलची नावे बदलत नाही. फंक्शन कुठे तोडावे, टिप्पणीत काय लिहावे आणि काय गाळावे, चूक आढळली तर ती कशी कळवावी, हे कोणतेही फॉरमॅटर ठरवत नाही, आणि वाचणाऱ्याचा खरा वेळ याच गोष्टी खातात. यंत्राने बंधनाचा सोपा तुकडा उचलला. अवघड तुकडा माणसाकडेच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नियम ठरवतो कोण? जो आधी आला तो. त्याची सवय हा नियम होतो आणि मागून येणाऱ्याला वाचकाच्या नावाने ती पाळायला लावले जाते. युरोपच्या धर्मेतिहासात हा वाद फार तीव्रपणे झाला आहे. धर्माने ना आज्ञापिलेल्या ना निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींना तिकडे स्टोइकांकडून आलेला 'आडिआफोरा' हा शब्द वापरत. १५४८ मध्ये लायप्झिगच्या तडजोडीने पाद्रींची वस्त्रे, सणांचे विधी असल्या गोष्टी उदासीन मानून शांततेसाठी स्वीकाराव्यात असे ठरले, तेव्हा मॅथियास फ्लाशियस यांनी विरोध केला. स्वतःत उदासीन असलेली गोष्ट सक्तीने लादली जाते आणि ती स्वीकारण्याचा अर्थ शरणागती होतो, तेव्हा ती उदासीन राहत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोडच्या जगातले याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तोच टॅब आणि स्पेसचा वाद. डोळस माणसाला हा आवडीचा प्रश्न वाटतो. पण ब्रेल पट्टीवर बोटांनी कोड वाचणाऱ्याला एका वेळी चाळीस खण मिळत असतील, तर तीन पायऱ्या आत गेलेल्या ओळीच्या आधीच्या बारा स्पेस बारा खण गिळतात. टॅब एका खणात दाखवता येतो. ज्याला अक्षरे फार मोठी करून वाचावी लागतात त्याला टॅबची रुंदी आपल्यापुरती कमी करता येते, स्पेसची येत नाही. ज्याला आपण किरकोळ म्हणून नाणे उडवायला निघालो होतो, ते एका वाचकासाठी किरकोळ नव्हते, आणि नाणे उडवताना तो खोलीत नव्हता. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देतो असे वाटेल. मला तो त्याच म्हणण्याचा पुढचा टप्पा वाटतो. बंधन न दिसणाऱ्या वाचकासाठी असेल, तर तोच वाचक येऊन 'मला वाचता येत नाही' असे म्हणाला की नियम पुन्हा उघडलाच पाहिजे. 'मला आवडत नाही' या कारणासाठी मात्र तो उघडू नये. या दोन वाक्यांतला फरक प्रत्येक प्रकल्पाने जपायला हवा, आणि तो नेहमी सोपा नसतो.

मराठी वाचकाला या आक्षेपाची धार आणखी एका ठिकाणी जाणवेल. मराठी बोलणाऱ्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या प्रोग्रॅमरला 'पेप ८' सांगते की टिप्पण्या इंग्रजीत लिहा. तुमची भाषा न येणारा कोणी हा कोड कधीच वाचणार नाही याची एकशेवीस टक्के खात्री असेल तरच सूट घ्या. महिरपी कंस कुठे उघडावा यात कोणाचे काही जात नाही. इथे मात्र एकाला आपल्या विचाराची भाषा बाजूला ठेवावी लागते आणि दुसऱ्याला, केवळ इंग्रजी घरात जन्मल्यामुळे, काहीच ठेवावे लागत नाही. हा भार समान नाही आणि त्याला समान म्हणणे खोटे ठरेल. मराठी लेखनाच्या नियमांतही हे दुखणे आहे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, दहा वर्षांनी चारांची भर पडली, आणि प्रमाण रूप कोणाच्या बोलीजवळचे, कोणाला ते घरात मिळते आणि कोणाला शाळेत घोकावे लागते, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे. तरीही मी इंग्रजी टिप्पणीच्या नियमाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण तेच जुने आहे: नागपुरात लिहिलेली ओळ उद्या साओ पावलोत किंवा हनोईत कोणाला तरी सांभाळावी लागेल, आणि त्यालाही इंग्रजी दुसरीच भाषा असेल. पण जो नियम एकाकडून जास्त मागतो त्याच्या रक्षकांनी त्याला जास्त द्यायलाही हवे. इंग्रजी अडखळते म्हणून पॅच मागे ढकलू नये, टिप्पणीची भाषा प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने स्वतः नीट करून घ्यावी, आणि हे उपकार म्हणून करू नये.

लेखन ही कारागिरी आहे, तीत हाताची ओळख उमटावी, असे म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना हवी असलेली ओळख मांडणीत शोधावी लागते असे मला वाटत नाही. ती नावांच्या निवडीत आणि गाळलेल्या गुंत्यात पुरेशी दिसते. खरी अडचण जुन्या कोडची आहे. दहा वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये दुसरीच रीत असते, नवी नियमावली निराळे सांगते, आणि नव्या माणसाला तिथे सातच ओळी घालायच्या असतात. मीमांसेत याच्याशी जुळणारा प्रसंग आहे. भाताने याग करावा किंवा जवाने, दोन्ही चालते. पण भाताने आरंभ झाला आणि मध्येच भात नासला, तर प्रतिनिधी म्हणून भातासारखे दिसणारे रानातले नीवार घ्यावेत. जव घेऊ नयेत. जव कमी प्रतीचे म्हणून नव्हे, आरंभी तेही तितकेच चालले असते. 'पेप ८'सुद्धा प्रकल्पातली एकवाक्यता महत्त्वाची आणि एकाच मॉड्यूलमधली त्याहून महत्त्वाची असे सांगते. म्हणून त्या सात ओळी भोवतालच्या ओळींसारख्या लिहाव्यात. फाइल बदलायचीच असेल तर ती एकदाच, पूर्ण, दुसरे काहीही न बदलता, वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या स्वतंत्र नोंदीत, बदलावी. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीपासून अशा कमिटची नोंद एका फाइलमध्ये करून ठेवता येते. ओळीचा इतिहास विचारणाऱ्याला गिट मग ते कमिट वगळून मागे घेऊन जाते, ती ओळ मुळात ज्याने लिहिली त्याच्यापर्यंत.